गादीसाठी मूल, मुलासाठी घर

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी पंगत उठल्यावर आम्ही दोघांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना आमचा विचार सांगितला. मूल घरी आणायचे ठरवले आहे. तान्हे नव्हे, सहा वर्षांच्या पुढचे. आणि भावंडे असतील तर दोघेही. आधी प्रतिपालक म्हणून सांभाळायचे आणि सगळे जुळून आले तर पुढे रीतसर दत्तक घ्यायचे.

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग काकूंनी विचारले, "अरे, पण गोत्र कोणतं लावणार?" आत्या म्हणाल्या, "नात्यातलं एखादं बघितलंत का आधी? परक्याचं मूल म्हणजे रक्त कुठलं, काय, कळायचं कसं?" कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेले आजोबा तेवढे शांतपणे म्हणाले, "बडोद्याला दत्तकाचं काय नवल? आपला राजाच दत्तक होता."

आजोबांचे हे वाक्य आमच्या डोक्यात राहिले. वर्षभर कागदपत्रांची जमवाजमव करता करता आम्ही दत्तकाचा इतिहासही वाचत गेलो. त्यात काकूंच्या आणि आत्यांच्या प्रश्नांची उत्तरे सापडली, आणि आजोबांचे म्हणणे खरे असले तरी पुरते खरे नाही, हेही ध्यानात आले. ते सारे या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावे, म्हणून हा लेख.

बडोद्याची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. 1870 मध्ये खंडेराव महाराज वारले, तेव्हा महाराणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची, नाही तर महाराजांचे बंधू मल्हारराव यांची, असे ठरले. जुलै 1871 मध्ये जमनाबाईंना मुलगी झाली. तिचे नाव ताराबाई. मुलगी झाली म्हणून गादी मल्हाररावांकडे गेली. चार वर्षांनी इंग्रज सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले आणि जमनाबाईंना दत्तक घेण्याची मुभा दिली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी राहणाऱ्या काशीराव गायकवाडांचे मुलगे बडोद्याला आणले गेले. "कशासाठी आलास?" या प्रश्नाला मधल्या गोपाळने "राज्य करायला" असे उत्तर दिल्याची आख्यायिका आपल्याकडे अजून सांगितली जाते. 27 मे 1875 रोजी दत्तकविधान झाले आणि बारा वर्षांचा गोपाळराव सयाजीराव झाला. तोवर त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. 28 डिसेंबर 1881 रोजी त्याच्या हाती पूर्ण अधिकार आले. पुढे 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये साऱ्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणारा राजा तो हाच.

या गोष्टीचा शेवट इतका उजळ आहे की मधली एक जागा सहसा नजरेत येत नाही. राणीला पोटची मुलगी होती. तिला गादी नाही. पण दूरच्या गावातून आणलेल्या मुलाला आहे. दत्तकविधानाने घराण्याची निकड भागवली. मुलाचे कल्याण झाले ते त्याच्या ओघात.

बडोद्याचेच असे नाही. आपली जुनी मराठी शहरे पाहिली तर बहुतेक गाद्या दत्तकांनीच पुढे चालवल्या. ग्वाल्हेरला 1827 मध्ये दौलतराव शिंदे निपुत्रिक वारले आणि बायजाबाईंनी जनकोजीरावांना दत्तक घेतले. जनकोजीरावही 1843 मध्ये मूल नसताना गेले. मग त्यांची तरुण विधवा ताराबाई यांच्या मांडीवर आठ-नऊ वर्षांचा भगीरथ बसवला गेला. तेच जयाजीराव शिंदे. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराजपूर आणि पनियार येथे इंग्रजांशी लढाया झाल्या आणि त्या मुलाच्या नावाने तह झाला. इंदूरला 1844 मध्ये लहान वयाच्या तुकोजीरावांना होळकरांच्या गादीवर बसवले. कोल्हापुरात 1884 मध्ये आनंदीबाई राणीसाहेबांनी कागलच्या घाटगे घराण्यातल्या यशवंतरावांना दत्तक घेतले; ते राजर्षी शाहू महाराज.

जिथे दत्तक नाकारला गेला तिथे राज्येच बुडाली. बेळगावकरांना कित्तूर सांगायला नको. 1824 मध्ये तिथल्या देसाईंचा दत्तक शिवलिंगप्पा याला धारवाडचा कलेक्टर थॅकरे मान्यता देईना, त्यावरून राणी चन्नम्माने युद्ध केले आणि त्यात थॅकरे मारला गेला. 1848 मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही. झाशीच्या गंगाधररावांनी 20 नोव्हेंबर 1853 रोजी इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष पाच वर्षांच्या आनंदरावाला दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी ते वारले. पुढचे सगळ्यांना पाठ आहे. पाठ नसते ते दामोदररावाचे पुढचे आयुष्य. पाठीशी बांधलेल्या त्या मुलाचे चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिले. तो मुलगा वाचला, वणवण करत इंदूरला पोहोचला आणि इंग्रजांच्या तुटपुंज्या पेन्शनीवर तिथेच राहून 1906 मध्ये वारला. राज्य गेल्यावर दत्तकाची गोष्टही संपली, असेच जणू इतिहासाने धरले.

1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी धोरण बदलले. 1862 मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. जमनाबाईंचा दत्तक मान्य झाला तो या बदललेल्या हवेत.

वर जितकी नावे आली त्यांतली बरीच दोनदा आली आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. गोपाळ सयाजी झाला, भगीरथ जयाजी झाला, आनंद दामोदर झाला, यशवंत शाहू झाला. नाव बदलायचे, आडनाव बदलायचे, गोत्र बदलायचे, जन्मदात्या घराचे सुतक संपवायचे. मूल कोणाच्या तरी रिकाम्या जागेवर बसवायचे, म्हणून त्याची आधीची जागा पुसायची, अशी ती रीत होती.

या रीतीमागे शास्त्र होते. मनुस्मृतीत बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. औरस आणि दत्तक आपल्याला माहीत आहेत. पण त्या यादीत 'अपविद्ध' नावाचाही एक आहे. अपविद्ध म्हणजे आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने आपला म्हणून घेतलेला मुलगा. विशेष असे की बारांपैकी ज्या पहिल्या सहांना वारसा मिळतो, त्यांत त्याची गणना आहे. पुढच्या निबंधकारांनी मात्र कलियुगात औरस आणि दत्तक हे दोनच पुत्र ग्राह्य धरले. दत्तक म्हणजे 'दिलेला'. द्यायचा अधिकार बापाला, त्याच्यामागे आईला. ज्याला देणारे कोणी उरलेच नाही, त्या पोरक्या मुलाला दत्तक घेताच येईना. ज्याला घराची सर्वांत जास्त गरज, त्याच्यासाठीच दार बंद झाले. मुलगी दत्तक घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. पिंडदान आणि वंश यांच्या हिशेबात ती बसत नव्हती. मुंबई इलाख्यात आणि गुजरातेत नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' प्रमाण मानला जाई. त्यात लग्न झालेला, मुलेबाळे असलेला पुरुषही दत्तक चालत असे. म्हणजे संसारी माणूस दत्तक चाले, पण टाकलेले अर्भक चालत नसे.

राजवाड्यातले सोडून आपल्या वाड्यांकडे पाहू. कुलवृत्तान्त चाळले तर पानोपानी 'दत्तक गेले', 'दत्तक आले' अशा नोंदी दिसतात. बहुतेक दत्तक भावकीतले. चुलत्याला मूल नाही, म्हणून पुतण्याला त्याच्या मांडीवर बसवायचे. जमीन, वतन, इनाम घरातच राहायचे. आत्यांचा प्रश्न याच सवयीतून आलेला होता. याशिवाय जुन्या घरांत आणखी एक मूल असे, ज्याची नोंद कोणत्याही कुलवृत्तान्तात नसते: आईबाप गेलेला भाचा, दूरच्या नात्यातली पोर, वार लावून जेवणारा गरीब विद्यार्थी. ही मुले आपल्या घरांनी वाढवली, शिकवली, त्यांची लग्ने लावली. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण ती मुले होती आश्रित. पाणी भरणे, दिवाबत्ती, धाकट्यांना खेळवणे ही कामे त्यांच्याकडे आपसूक येत आणि वाटणीच्या वेळी त्यांचे नाव निघत नसे. गंगाखेडची जनाबाई लहानपणी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी वाढली. त्या घराने तिला नामदेवांची संगत दिली आणि तिच्या अभंगांनी मराठी समृद्ध केली, पण ती त्या घरची लेक म्हणून ओळखली गेली नाही. ती स्वतःला नामयाची दासी म्हणवत राहिली.

तेव्हा आपल्याकडे दोन वाटा होत्या. एका वाटेने येणाऱ्या मुलाला सगळे हक्क मिळत, पण त्याची निवड घराण्याच्या गरजेने होई. दुसऱ्या वाटेने येणाऱ्या मुलाला गरज असे म्हणून घर मिळे, पण हक्क मिळत नसत. या दोन वाटा एकत्र आणण्याचे काम कोणी केले?

सुरुवात पुण्यात झाली. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे आणि मूल मारण्याऐवजी सोडून जावे, अशी सोय केली. 1874 मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला तिथे झालेला मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. नाव यशवंत. जोतीरावांनी 1887 मध्ये मृत्युपत्र करून त्याला आपला वारस नेमले. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या यशवंतच्या हक्कावर भाऊबंदांनी हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले, असे सांगितले जाते. यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ त्याने रुग्णांची सेवा केली. त्याच सेवेत सावित्रीबाईंना प्लेग होऊन त्या गेल्या. ना गादी, ना वतन, ना भावकी. तरी हे दत्तक शेवटपर्यंत निभावले गेले.

दुसरे नाव पंढरपूरचे. तिथे सबजज्ज म्हणून आलेल्या लालशंकर उमियाशंकर त्रवाडी या गुजराती गृहस्थाने 1875 मध्ये टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला. प्रार्थना समाजाने तो पुढे चालवला. वारीच्या गर्दीत, देवळाच्या आसपास ठेवून दिलेली मुले तिथे वाढू लागली. पुढे अहमदाबादेत महिपतराम रूपराम यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या अनाथाश्रमामागेही हेच लालशंकर होते. आम्ही बडोदेकर मराठी माणसे गुजरातेत रुजलो, त्याची परतफेड म्हणावी असे काम एका गुजराती माणसाने विठोबाच्या दारी केले. आणि साल पाहा: 1875. बडोद्याच्या राजवाड्यात जे दत्तकविधान झाले ते त्याच वर्षी. एक मूल तोफांच्या सलामीत आले. त्याच वर्षी ज्यांना कोणी घेत नव्हते त्यांच्यासाठी पंढरपुरात दार उघडले. शाळेत पहिली गोष्ट आम्ही शिकलो. दुसरी या वर्षी कळली.

कायद्याला इथवर यायला आणखी ऐंशी वर्षे लागली. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली आणि आईबाप नसलेल्या मुलाला न्यायालयाच्या परवानगीने पालक देऊ शकतील, अशी तरतूद झाली. 1962 च्या दुरुस्तीने टाकलेली आणि आईबाप अज्ञात असलेली मुलेही त्यात आली. जुन्या यादीतला 'अपविद्ध' अशा रीतीने परत आला. 1984 मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशात दत्तक जाणाऱ्या मुलांसाठी नियम घालून दिले आणि 1990 मध्ये 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा आली. आज दत्तकविधान मुख्यतः 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली होते. धर्म कोणताही असो, मुलगा असो वा मुलगी, या कायद्याने आलेल्या मुलाला पोटच्या मुलाचे सर्व हक्क मिळतात. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

प्रतिपालन ही याच कायद्यातली दुसरी सोय. संस्थेत राहणारी सहा वर्षांपुढची बरीच मुले अशी असतात की त्यांना भेटायला कोणी येत नाही आणि मोठी झाली म्हणून त्यांना दत्तकही कोणी मागत नाही. नोंदणी करणाऱ्या बहुतेकांना तान्हे बाळ हवे असते. अशा मुलाला बालकल्याण समितीच्या आदेशाने एखाद्या घरी राहायला देता येते. 2016 च्या मार्गदर्शक नियमांत प्रतिपालकांना पाच वर्षांनी दत्तक मागता येई. 2024 च्या नियमांनी ती मुदत दोन वर्षांवर आणली. तोपर्यंत मूल कायद्याने आपले नसते. त्याला आपले आडनाव नाही, वारसा नाही. समितीची देखरेख राहते, आणि त्याच्या हितासाठी समिती त्याला परत नेऊ शकते.

हे वाचून आत्या म्हणाल्या, "म्हणजे लळा लावायचा आणि वर ते जाऊ शकतं?" हो, जाऊ शकते. आम्ही दोघे या एका गोष्टीवर सर्वांत जास्त बोललो, रात्री रात्री बोललो. जुना दत्तक एका दिवसात पक्का होई, मुलाला कोणी विचारत नसे. कवळाण्याच्या त्या तीन मुलांपैकी दोघांना काय वाटले असेल, याची नोंद आख्यायिकेत नाही. प्रतिपालनात दोन वर्षे त्या मुलाला आमच्याकडे पाहायला मिळतात. हे घर आपले वाटते का, ही माणसे रागावली तरी टिकतात का, हे तेही बघणार. धोका आमचाही आहे. पण इथवर त्या मुलाने याहून मोठे धोके एकट्याने पत्करलेले असतात.

आमची नोंदणी झाली. ओळखपत्रे, उत्पन्नाचे दाखले, वैद्यकीय प्रमाणपत्रे, पोलीस पडताळणी झाली. समाजसेविका घरी येऊन गेल्या. त्यांनी स्वयंपाकघर पाहिले, शेजाऱ्यांशी बोलल्या, आम्हा दोघांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारले. "मूल खोटे बोलले, चोरी केली, तर काय कराल?" असे विचारल्यावर आम्ही दोघांनी वेगवेगळी उत्तरे दिली, हे नंतर एकमेकांना सांगताना कळले. मग तेवढ्यावर आणखी एक रात्र गेली. आजोबांनी आपली खिडकीजवळची खोली आपण होऊन रिकामी केली.

एक गोष्ट मात्र आम्ही या इतिहासामुळेच ठरवली. सात-आठ वर्षांचे मूल स्वतःचे नाव घेऊन येते. कदाचित त्याच्या आईने ठेवलेले तेवढे एकच त्याच्यापाशी उरलेले असेल. ते आम्ही बदलणार नाही. पुढे दत्तकविधान झाले आणि त्याला हवे असेल तर आडनाव आमचे लागेल. पण सयाजीराव करायचा म्हणून गोपाळ पुसायचा नाही.

गोत्राचे उत्तर शेवटी काकूंनीच दिले. दत्तक झाल्यावर मूल घेणाऱ्याच्या गोत्राचे होते, हे त्यांना माहीत होतेच. अडचण होती ती मधल्या दोन वर्षांची. त्या म्हणाल्या, "मग तोवर काश्यप म्हणू. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, असंच गुरुजी सांगतात ना?" शास्त्राने एक दार बंद केले होते, तरी रूढीने खिडकी उघडी ठेवली होती. ती आमच्या काकूंना सापडली, आम्हाला नाही.

मंडळाच्या वाचकांना एक विनंती आहे. पुढच्या एखाद्या उत्सवात आमच्याबरोबर एक किंवा दोन नवी मुले मांडवात दिसली, तर त्यांना आरतीला पुढे बोलवा, नाटकात काम द्या, लाडू चोरले तर इतर मुलांइतकेच रागवा. पण "तुझे खरे आईवडील कुठे असतात?" असे विचारू नका. त्यांच्यासमोर आमचे कौतुकही करू नका. "पुण्याचं काम केलंत" हे शब्द मुलाच्या कानावर पडले की ते पुन्हा आश्रित होते. दोनशे वर्षांच्या इतिहासात मुले गादीसाठी आली आणि दयेने आली. आमच्याकडे येणाऱ्यांनी निदान मांडवात तरी आपली जागा आपली म्हणून घ्यावी, एवढीच इच्छा आहे. ती एकट्या आमच्या घराने पुरी होणार नाही.